पुण्यात नवीन येताय, भाड्याची जागा कुठे आणि कशी बघायची

मागच्या महिन्यात माझ्या मावशीच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि नांदेडहून त्याचा फोन आला, ताई कुठला एरिया चांगला आहे सांग ना. मी म्हटलं आधी तू सांग, तुझं ऑफिस हिंजवडीच्या आयटी पार्कात कुठल्या फेजला, म्हणजे भागात, कुठल्या गेटला आणि किती वाजता पोचायचंय, मग एरियाचं बोलू. त्याला वाटलं ताई टाळतेय. पण बारा वर्षांत पाच घरं बदलून, दोन बहिणींना आणि एका मैत्रिणीला घर शोधून देऊन मला एवढं पक्कं कळलंय की पुण्यात चांगला एरिया असं सगळ्यांना लागू पडणारं उत्तर नाहीच. कोथरूड छानच आहे, पण रोज हडपसरला जायचं असेल तर तेच कोथरूड तुमचा जीव काढेल.

मी आले तेव्हा कात्रजला राहिले. कारण काय तर चुलत काका तिथे होते आणि आईचं म्हणणं जवळ कुणीतरी आपलं असावं. ऑफिस हिंजवडी फेज ३ ला, म्हणजे बायपासने जायचं तरी पंचवीस किलोमीटरच्या वर. सकाळी साडेसातला निघायचे ते रात्री साडेआठ-नऊला घरी, आणि ज्या काकांसाठी तिथे राहिले त्यांच्याकडे जाणं व्हायचं महिन्यातून एकदा. आठ महिने असे काढले, शेवटी ताप अंगावर काढून काढून आजारी पडले तेव्हा घर बदललं. म्हणून हे सगळं इतकं सविस्तर लिहितेय, कारण नवीन माणूस घर निवडताना भाडं बघतो, फोटो बघतो, ओळखीचं कोण कुठे राहतं ते बघतो, आणि रोजचा रस्ता अन् पाणी ह्या दोन गोष्टी राहूनच जातात. वर्षभर छळतात त्या ह्याच दोन.

पहिलं म्हणजे गावाकडून फोनवर घर पक्कं करू नका. अजिबात नाही. ऑनलाइन फोटो टाकून "मी आर्मीत आहे, माझी बदली झालीय, घर बघायला गेट पास लागेल त्यासाठी टोकन पाठवा, रिफंडेबल आहे" असं सांगणारे लोक आहेत, भाडं बाजारभावापेक्षा बरंच कमी सांगतात, आयकार्डाचा फोटो पण पाठवतात, आणि क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला लावतात. पैसे घेण्यासाठी कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात, एवढं लक्षात ठेवा. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

त्यापेक्षा एक बॅग घेऊन या आणि ऑफिसच्या जवळ पंधरा दिवस किंवा महिनाभर पीजीत किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहा. खर्च होतो मान्य, जेवण आवडेलच असं नाही, पण चुकीच्या घरात डिपॉझिट अडकून बसण्यापेक्षा हा खर्च फार कमी. त्या पंधरा दिवसांत ऑफिसातले लोक कुठून येतात, कुठली कंपनीची बस कुठे थांबते, कुठल्या चौकात सगळे अडकतात हे आपोआप कळतं. ऑफिसात तुमच्यासारख्याच पगाराची आणि तुमच्याच शिफ्टची जी दोन-चार माणसं आहेत त्यांना विचारा, ती कुठे राहतात आणि परत घर घ्यायचं झालं तर तिथेच घेतील का. हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण राहतात सगळेच पण परत घेईन असं म्हणणारे थोडे असतात.

आता रस्त्याचं बोलते. पुणे एका केंद्राभोवती वाढलेलं शहर आता राहिलं नाही, कामाच्या जागा चार दिशांना आहेत. पश्चिमेला हिंजवडी, तिथे काम असेल तर वाकड, थेरगाव, ताथवडे, पुनावळे, पिंपळे सौदागर, बाणेर, बालेवाडी हे बघा. पण हिंजवडी म्हणजे एक जागा नाही हे आधी समजून घ्या, फेज १ चं ऑफिस आणि फेज ३ चं ऑफिस ह्यात गर्दीच्या वेळी अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो, म्हणून फेज ३ वाल्याने माण, मारुंजीकडच्या जागा पण बघाव्यात, तिथे बाजारहाट कमी पण रोजची वाट सुटते. पूर्वेला खराडी, मगरपट्टा, फुरसुंगीकडची ऑफिसं, त्यांच्यासाठी चंदननगर, वडगाव शेरी, विमाननगर, मुंढवा, केशवनगर, हडपसर, मांजरी. उत्तरेला भोसरी, चाकणच्या कंपन्या असतील तर मोशी, चिखली, स्पाइन रोड, निगडी-प्राधिकरण, आणि तिथे कंपनीची बस कुठून जाते तेच आधी विचारा, त्या रूटवरच घर घ्या, चाकण रोडवर रोज स्वतःची गाडी घालणं म्हणजे शिक्षा आहे.

नकाशावर अंतर बघून काही कळत नाही. औंध ते हिंजवडी आणि हडपसर ते खराडी कागदावर जवळच दिसतं. मोबाइलच्या मॅपवर सुटायची आणि पोचायची वेळ टाकता येते ती टाका, सोमवार ते बुधवारातला एखादा दिवस धरा, आणि नंतर एकदा प्रत्यक्ष त्या वेळेला जाऊन बघा. रविवारी घर बघायला जाणारे इथेच फसतात, रविवारी वाकडहून हिंजवडी पंधरा मिनिटांत होते आणि माणूस खूश होऊन टोकन देऊन टाकतो, मग सोमवारी भूमकर चौकात उभा राहिला की कळतं. पिंपरी-चिंचवडकडे तर गुरुवारी पण अंदाज घेऊ नका, एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते आणि रस्ते मोकळे दिसतात.

मेट्रोचा विचार नक्की करा पण जी आज चालू आहे तिचाच. जाहिरातीत "प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं" लिहिलेलं असतं त्याला भाडेकरूने भाव देऊ नये, आपल्याला अकरा महिने राहायचंय, स्टेशन होईपर्यंत आपण दोन घरं बदललेली असतो. आज वनाज ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट अशा दोन लाइन नीट चालू आहेत, सिव्हिल कोर्टला एकीतून दुसरीत बदलता येतं. स्वारगेटपर्यंतचा जमिनीखालचा भाग सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला आणि त्याने खूप लोकांचं गणित बदललं. माझी एक मैत्रीण खराडीला कामाला आहे, ती कोथरूडला वनाजजवळ राहते, आई-वडील तिकडे आहेत म्हणून, रामवाडीपर्यंत मेट्रो आणि पुढे बस नाहीतर रिक्षा, गाडीने जाण्यापेक्षा शांतपणे पोचते. म्हणजे लांबचं घर पण चालतं, पण स्टेशनपर्यंत पायी जाता येत असेल तरच. घर ते स्टेशन रिक्षा, स्टेशन ते ऑफिस रिक्षा, असं असेल तर महिन्याचा हिशोब आधी मांडून बघा. आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव ह्या पट्ट्यात काम असेल तर पुणे-लोणावळा लोकल विसरू नका, नवीन माणसाला ती कुणी सांगतच नाही. फेऱ्या कमी आहेत, वेळापत्रक पाठ करावं लागतं, पण पास स्वस्त पडतो.

अजून एक, ही गोष्ट एजंट कधी सांगणार नाही पण आपल्यासारख्या बाहेरगावच्या लोकांना फार उपयोगाची आहे. गावाला जायचा रस्ता कुठल्या बाजूने आहे ते बघा. आमच्या मराठवाड्याच्या ट्रॅव्हल्स बऱ्याचशा नगर रोडने येतात, पहाटे वाघोली-खराडीला उतरलं की झालं, तेच वाकडला राहणाऱ्याला तिथून पुढे अजून तासभर. सातारा-कोल्हापूरवाल्यांना कात्रज, वारजे, वाकड असा सगळा हायवेचा पट्टा सोयीचा, नाशिकवाल्यांना नाशिक फाटा, भोसरी, मोशी, सोलापूरवाल्यांना हडपसर. दोन घरं सारखीच वाटत असतील तर मी ह्यावर निवड करीन, आई-बाबा वर्षातून चार वेळा येतात आणि पहाटे साडेचारला त्यांना शहराच्या पलीकडून आणायला जाणं सोपं नसतं.

आता पाणी. ह्यावर मी जास्त बोलणार आहे, तुम्हाला कंटाळा आला तरी वाचा.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड ह्या दोन वेगळ्या महापालिका आहेत, पाणी पण वेगळीकडून येतं. पुण्याला खडकवासला आणि त्याच्या वरची पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं, पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिका एक दिवसाआड पाणी सोडायला लागली. वाकड, पिंपळे सौदागर, रावेत, पुनावळे हे सगळं त्यांच्या हद्दीत येतं. सोसायटीची टाकी मोठी असेल, बोअरला पाणी असेल तर तुम्हाला हे कळणार पण नाही, नसेल तर टँकर. पुण्याच्या बाजूला बघायचं तर २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, वाघोली, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, नऱ्हे, पिसोळी, मांजरी बुद्रुक, किरकटवाडी वगैरे. महापालिकेत आली म्हणजे लगेच नळाला महापालिकेचं पाणी आलं असं होत नाही, इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाइपलाइन मागून येतेय. ह्या भागांत घरं नवी आणि प्रशस्त असतात, भाडं पण आत शहरापेक्षा कमी, मी घेऊच नका म्हणत नाही, पण प्रत्येक सोसायटीत वेगळं विचारावं लागतं, शेजारी-शेजारी दोन सोसायट्या आणि एकीत चोवीस तास पाणी, दुसरीत सकाळ-संध्याकाळ तास-तास, असं मी स्वतः पाहिलंय.

विचारायचं काय तर पाणी येतं का असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. असं विचारा, कॉर्पोरेशनचं कनेक्शन आहे का, मे महिन्यात दिवसाला किती टँकर लागले, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत का भाडेकरूकडून वेगळे घेतात, आणि प्यायचं पाणी कुठलं. एजंटला विचारून उपयोग नाही. वॉचमन काकांना विचारा, जिन्यात भेटलेल्या बाईंना विचारा, समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारा.

पुनावळ्याला मी बहिणीसाठी एक टूबीएचके बघायला गेले होते, सातवा मजला, हवेशीर, किचनला ड्राय बाल्कनी, समोर डोंगर दिसत होता, बहीण तर पडदे कुठले लावायचे त्यावर पोचली होती. एजंटने किचनचा नळ सोडून दाखवला, पाणी जोरात. मी बाथरूममध्ये गेले, तिथे तीन मोठे निळे ड्रम ठेवायच्या गोल खुणा फरशीवर पडलेल्या होत्या, एकाच्या खुणेत अजून ओल होती. नळाच्या तोंडाला पांढरा थर, बोटाने खरवडला तर पावडर निघाली, म्हणजे बोअरचं जड पाणी. मग खाली आल्यावर लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड वाचत उभी राहिले. तिथे एकाखाली एक चिकटवलेले कागद, आज टँकर न आल्याने दुपारी तीननंतर पाणी बंद राहील, उद्या फक्त सकाळी सहा ते आठ, टँकरसाठी जादा वर्गणी ह्या तारखेच्या आत भरावी. एकाच महिन्यातले चार कागद होते. एजंट तिकडून हाक मारत होता, मॅडम, फायनल करूया ना. नाही घेतलं. त्यामुळे आता मी घर बघायला गेले की आधी लिफ्टजवळ जाते, बोर्ड वाचते, मग वर जाते. सोसायटीचं सगळं खरं त्या बोर्डावर असतं, पाणी, लिफ्ट बंद, पार्किंगची भांडणं, बॅचलर लोकांसाठीचे नियम, सगळं.

पाण्याच्या शुद्धतेबद्दल पण हलगर्जीपणा नको. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी ह्या भागात गुइलेन बॅरे म्हणजे जीबीएस ह्या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट एकदम वाढले होते, तेव्हा तिथल्या दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि लोक पाणी उकळून पीत होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, पहिल्या दिवसापासून पाणी उकळा किंवा फिल्टर लावा, आणि घरात आरओ आहे असं सांगितलं तर त्याचं शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं ते विचारा.

पाणी नसणं एक आणि पाणी घरात येणं दुसरं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत ओढ्याकाठचे लोक झोपेत सापडले, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पहाटे सोसायट्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं, गाड्या बुडाल्या. हे सगळं मी घाबरवायला सांगत नाहीये. नदी किंवा ओढ्याजवळचं घर घेताना तळमजला आणि पहिला मजला टाळा, पार्किंग बेसमेंटला आहे का बघा, आणि कंपाउंडच्या भिंतीवर एकाच उंचीला आडवी मातकट रेघ दिसते का ते बघा. आजूबाजूच्या दुकानदाराला विचारलं की तो हाताने दाखवतो कुठपर्यंत पाणी आलं होतं. मुंढवा, केशवनगर, खराडीचा नदीकाठ असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला संध्याकाळी सहा-सातला जाऊन बघा, नदीत जलपर्णी साठली की डासांचे थवेच्या थवे उठतात, खिडकी उघडता येत नाही. जाळ्या आहेत का, नसतील तर मालक बसवून देतो का, हे टोकन द्यायच्या आधी.

घर दोनदा बघायचंच, एकदा सकाळी, एकदा अंधार पडल्यावर. सकाळी गेलात की पाणी, उजेड, गाडी बाहेर काढायला किती वेळ लागतो हे कळतं. रात्री गेलात की गल्लीत दिवे आहेत का, बसस्टॉपपासून घरापर्यंत चालताना कसं वाटतं, कुत्री किती आहेत, शेजारी बार किंवा मंगल कार्यालय आहे का ते कळतं. मुलींनी तर रात्रीचं बघितल्याशिवाय होच म्हणू नये, मी हे फार मनापासून सांगतेय, नऊ साडेनऊला स्वतः तो रस्ता चालून बघा, सोबत कुणाला तरी घ्या. घरात गेलात की प्रत्येक खोलीत जाऊन एक फोन लावून बघा, आतल्या बेडरूममध्ये रेंज नसेल तर घरून काम कसं करणार. वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत असेल तर एप्रिल-मे मध्ये रात्री बारापर्यंत भिंत गरम असते. कोपऱ्यात नवीन रंगाचा ठिपका दिसला तर ती ओल झाकलेली असते, हात लावून बघा. लोहगाव, विमाननगरला विमानांचा आवाज, त्यात हवाई दलाची पण उडतात, लहान बाळ असेल किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपायचं असेल तर दुपारी तासभर तिथे बसून ठरवा.

पेठांबद्दल थोडं. अभ्यासाला येणारी मुलं, एमपीएससीवाली, बहुतेक सदाशिव, नारायण, शनिवार ह्याच पेठांत शोधतात आणि त्यांचं बरोबर आहे, अभ्यासिका, मेस, पुस्तकांची दुकानं सगळं पायी. खोल्या लहान, जुन्या वाड्यात बाथरूम कॉमन असू शकतं, बाईक लावायला जागा नाही. गणपतीचे दहा दिवस आणि त्याच्या आधी ढोल-ताशाचा सराव हे धरून चला, विसर्जनाला तर रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. परीक्षा त्या दिवसांत असेल तर आधीच चार दिवस मित्राकडे सोय बघून ठेवा. वाडा फार जुना असेल तर पावसाळ्याच्या आधी महापालिकेने धोकादायक म्हणून नोटीस लावलीय का ते दारावर बघा, लावली असेल तर भाडं कितीही कमी असो, नको.

मग पैशाचं आणि कागदाचं. इथे डिपॉझिट साधारण दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं मागतात, एजंट एक महिन्याचं भाडं घेतो. एजंट नको असेल तर ज्या दोन-तीन सोसायट्या आवडल्या तिथे थेट गेटवर जाऊन विचारा, वॉचमनला रिकामे फ्लॅट माहीत असतात, आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाका, सोडून जाणारा भाडेकरू हा सगळ्यात खरं बोलणारा माणूस असतो कारण त्याला आता काही लपवायचं नसतं. भाडं मेंटेनन्स धरून आहे का वगळून, हे मेसेजवर लिहून घ्या. सोसायटी मालकाला भाडेकरू ठेवल्याबद्दल नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर नसावा असा शासनाचा २००१ चा आदेश आहे, आणि तो मालकाचा विषय आहे, तुमच्या गळ्यात कुणी मारत असेल तर आधीच बोला.

अॅग्रीमेंट रजिस्टर्डच करा. नोटरी करून देतो, अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही, असं सर्रास सांगतात आणि ते महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला हा भाड्याचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असलंच पाहिजे आणि ते करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केलं तर त्याला दंड किंवा कैद होऊ शकते. लेखी करार नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणतो ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांगितलं की बरेच तयार होतात, कारण त्यांच्याही फायद्याचं आहे. खर्च फार नसतो, स्टॅम्प ड्यूटी म्हणजे एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम, ह्याच्या पाव टक्का. समजा अठरा हजार भाडं, पन्नास हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर पाचशे रुपयांच्या आसपास, त्यावर शहरात नोंदणी फी हजार, आणि जो माणूस घरी मशीन घेऊन येऊन अंगठे घेतो त्याची फी. आधार लागतं. अर्धा-अर्धा खर्च वाटून घ्यायची पद्धत आहे. पोलीस व्हेरिफिकेशन पण ऑनलाइन होतं, तेही मालकाने करायचं असतं, पण त्याने केलं का हे विचारून पावती स्वतःकडे ठेवा.

करारात तीन गोष्टी मी नेहमी वाचते. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, किती महिन्यांचा, नवीन नोकरी असेल तर तीन-चारच्या वर मान्य करू नका. नोटीस एक महिन्याची आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे का. आणि सोडताना डिपॉझिटमधून काय काय कापणार, आकड्यासकट. मुदत संपल्यावर रिन्यू न करता राहिलात तर मालक दुप्पट भाडं मागू शकतो, कलम २४ मध्ये आहे, म्हणून संपायच्या दीड महिना आधीचा अलार्म लावून ठेवा.

डिपॉझिटचं मला स्वतःला लागलंय. दुसरं घर वाकडला होतं, सोडताना मालकांनी पेंटिंग, क्लीनिंग, नळाचं काम असं करून डिपॉझिटमधला जवळपास निम्मा भाग कापला, किचनच्या ओट्याला चीर माझ्यामुळे गेली म्हणाले, ती मी आले तेव्हापासून होती पण माझ्याकडे एक फोटो नव्हता. किती बोलले, रडले पण, काही उपयोग झाला नाही. म्हणून सामान आत यायच्या आधी मोबाइलवर व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून प्रत्येक भिंत, ओटा, नळ, फ्लश, पंखे चालू करून, कपाटांची दारं उघडून, आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून द्या, वर एक ओळ लिहा की ताबा घेताना घराची स्थिती अशी होती. डिपॉझिट आणि भाडं करारात ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात, कॅश नको, भावाच्या किंवा एजंटच्या खात्यात तर मुळीच नको.

अजून एक गोष्ट बोलायलाच हवी. बॅचलरला देत नाही, नॉनव्हेज चालणार नाही, आडनाव काय, तुम्ही कुठल्या जातीचे, हे प्रश्न तुम्हाला ऐकावे लागतील. माझ्या एका सहकारी मुलीला टोकन देऊन झाल्यावर आडनाव ऐकून परत पाठवलं होतं, ती त्या रात्री माझ्याकडे झोपली आणि झोपली म्हणजे नुसती पडून होती. हे चूक आहे, आणि चूक तुमची नाहीये, एवढं धरून ठेवा. आपला वेळ आणि मन वाचवायला घर बघायला जायच्या आधीच फोनवर सरळ सांगा, आम्ही इतके जण, हे खातो, मित्र-मैत्रिणी, आई-वडील येतील, चालेल का. नाही म्हणाले तर पुढचा नंबर. शहर मोठं आहे, व्यवस्थित माणसासारखं बोलणारे घरमालक पण भरपूर भेटतात, आत्ताच्या माझ्या मालकीणबाई मला आजारी असताना डबा पाठवतात.

मावसभावाचं ऑफिस निघालं फेज १ ला. पीजीत अठरा दिवस राहिला, नऊ घरं बघितली, दोन मी नोटीस बोर्ड वाचून नको म्हटलं, एक त्याने स्वतः, रात्री गेला तर खालीच लग्नाचा हॉल. शेवटी थेरगावात वनबीएचके घेतलाय एका मित्राबरोबर, बिल्डिंग जुनी आहे, लिफ्ट लहान, पण टाकी मोठी, कॉर्पोरेशनचं कनेक्शन आणि ऑफिस बाईकवर पंचवीस मिनिटं. काल किल्ली मिळाली तर त्याला पहिलं सांगितलं, लाइटच्या मीटरचा फोटो काढ रीडिंग दिसेल असा, महावितरणच्या अॅपवर ग्राहक क्रमांक टाकून मागची थकबाकी बघ, दाराचं कुलूप बदलून घे, आणि दोन बादल्या नि एक झाकणाचा पिंप आण, एक दिवसाआड पाणी आहे. रात्री त्याचा फोटो आला, मीटर, नवीन कुलूप, आणि भरलेला पिंप.